पायाचं कुरूप: बडोद्याच्या दवाखान्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नवरात्र पंधरा दिवसांवर आलं की दांडिया बाजारातल्या माझ्या दवाखान्यात दुखऱ्या पायांची गर्दी होते. गरब्याचा सराव सुरू झालेला असतो, पावसाळा नुकता सरत असतो, आणि वर्षभर अंगवळणी पडलेलं कुरूप एकाएकी सहन होईनासं होतं. "नऊ रात्रींपुरतं तरी काढून द्या," असं म्हणतात. मी काढून देते. पण ते पुन्हा का येणार आणि येऊ नये म्हणून काय करायचं, हे सांगायला घेतलं की बाहेरच्या बाकावर पुढचे चौघे ताटकळत असतात आणि बोलणं अर्धंच राहतं. ते सगळं इथे सावकाश लिहिते आहे. प्रश्न लोकांनी विचारले त्याच शब्दांत ठेवले आहेत.

आमच्या शेजारच्या बेन याला कपासी म्हणतात. कुरूप आणि कपासी एकच का?

एकच. गुजरातीत कपासी, हिंदीत गोखरू, मराठीत कुरूप, आणि काही घरांत भोवरी.

कातडीच्या एकाच जागेवर रोज दाब आला किंवा ती घासली गेली, की ती स्वतःला वाचवण्यासाठी तिथे जाड होते. दाब पसरलेला असेल तर जाडसर, पिवळट, गुळगुळीत थर तयार होतो. तो घट्टा. चवड्याखाली किंवा टाचेच्या कडेला तो असतो आणि बहुतेक वेळा दुखत नाही. पण वर चपलेची वादी, आत हाडाचं टोक आणि मध्ये चिमटीएवढी कातडी अशी स्थिती झाली, की दाब एका टिंबावर येतो. मग तिथे मृत कातडीचा छोटा शंकू बनतो आणि त्याचं टोक आतल्या बाजूला असतं. बुटात खडा गेला की कसं होतं, तसं प्रत्येक पावलाला ते टोक आतल्या नसांवर रुततं. हे कुरूप.

पायाच्या करंगळीच्या बाहेरच्या अंगाला किंवा वाकलेल्या बोटाच्या पेरावर होतं ते कडक कुरूप. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात घामाने भिजून राहतं ते मऊ, पांढुरकं कुरूप. तळपायावर मोहरीच्या दाण्याएवढी बारीक बारीक कुरुपं येतात, तो तिसरा प्रकार.

लहानपणी पायात काटा मोडला होता. तोच आत राहून कुरूप झालं असेल का?

ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 'कदर' नावाचा विकार सांगितला आहे. खड्यांनी पाय रगडला गेल्यामुळे किंवा काट्याच्या जखमेनंतर होणारी, खिळ्यासारखी कठीण गाठ, असं त्याचं वर्णन. म्हणजे आपल्या आज्या सांगत आल्या त्याला आधार आहे.

बाभळीचं टोक किंवा काचेची कपची आत राहिली तर तिच्याभोवती कातडी कठीण होते आणि ती दिसायला हुबेहूब कुरुपासारखी असते, हे खरं. शेतावर किंवा बांधकामावर अनवाणी वावर असेल आणि चपलेचा दाब पडत नाही अशा जागी गाठ असेल, तर मी आधी काटाच शोधते. पण शहरात राहणाऱ्या, कायम चप्पल-बूट घालणाऱ्या माणसाचं कुरूप बहुतेक वेळा दाबानेच झालेलं असतं.

मुळापासून काढून टाका ना! मागे काढलं होतं, पण मूळ राहिलं म्हणून परत आलं.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की याचं उत्तर ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. कुरुपाला मूळ नसतं. ते झाड नाही, आणि रोगाची गाठही नाही. ती तुमचीच मेलेली कातडी आहे, एका जागी दाबून दाबून घट्ट झालेली. मधला कठीण गाभा काढताना शंकूसारखा निघतो, म्हणून तो मुळासारखा दिसतो एवढंच. तो पूर्ण निघाला तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही तीच चप्पल पायात सरकवली की कातडी पुन्हा जाड व्हायला लागते. महिना-दीड महिन्यात "मूळ" परत हजर.

म्हणून पेशंट आत आला की मी पायाआधी त्याची चप्पल उलटीपालटी करून पाहते. तळ कुठे झिजला आहे, आत बोटांचे ठसे कुठे खोल गेले आहेत, वादी कुठे काळी पडली आहे. कुरुपाचा पत्ता तिथेच लिहिलेला असतो.

हे कुरूप आहे की चामखीळ, कसं ओळखायचं?

तळपायावर फसगत होते खरी. दोन गोष्टी घरी करून पाहता येतात. गाठीवर बोटाने सरळ दाब द्या, आणि मग ती चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबा. सरळ दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा कुरूप. चिमटीत दाबल्यावर कळ आली तर बहुधा चामखीळ. दुसरी खूण म्हणजे कातडीवरच्या रेघा. आपल्या तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. कुरुपावरून त्या तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी तुटतात. चामखिळीत काळे ठिपकेही दिसतात. ते बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. चामखीळ विषाणूमुळे होते, ती पसरते, आणि घरातल्या दुसऱ्यालाही होऊ शकते. कुरूप असं कोणाकडून कोणाला जात नाही. चामखिळीवर वज्री घासून तीच वज्री घरात सगळ्यांनी वापरली, तर आजार वाटून घेतल्यासारखं होईल.

सगळेच चप्पल घालतात. मलाच का झालं?

याला एकच कारण नसतं, आणि दवाखान्यात माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आधी बुटाचं पाहू. आपल्याकडे नंबर एकदा ठरला की माणूस तो जन्मभर सांगत राहतो. पण वयाबरोबर पाय पसरतो, कमान थोडी खाली बसते, बाळंतपणानंतर पाय अर्ध्या नंबराने वाढू शकतो. चाळिशीनंतर पाय पुन्हा मोजा. मोजायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पायांना थोडी सूज येते. आणि उभं राहून मोजायचं. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी हवी.

घरी करण्यासारखी एक सोपी परीक्षा. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ ओढा आणि त्या आकृतीवर आपला रोजचा बूट ठेवा. बुटाच्या कडेबाहेर पायाची आकृती डोकावत असेल, तर तेवढा पाय रोज आत कोंबला जातो. मंगळबाजारातून हौसेने आणलेल्या निमुळत्या टोकाच्या सँडलवर हे करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींना ते चित्र पाहिल्यावर पुढचं काही सांगावं लागत नाही.

उंच टाच असली की शरीराचा भार पुढे चवड्यावर आणि बोटांवर सरकतो. मग चवड्याखाली घट्टा आणि बोटांच्या पेरांवर कुरूप, अशी जोडी दिसते.

आपल्या बायकांचं एक खास कारण कुठल्याच छापील पत्रकात मला कधी सापडलं नाही. जोडवी. लग्नात पायाच्या बोटात चढलेली जोडवी वीस वर्षांनीही तीच असतात. बोट जाड झालेलं असतं, चांदीची कड झिजून धारदार झालेली असते आणि शेजारच्या बोटावर घासत असते. बुटात पाय गेला की ते घासणं दुप्पट होतं. जोडवी काढा असं मी म्हणत नाही, त्यामागच्या भावना मला ठाऊक आहेत. सोनाराकडून ती सैल करून घ्या, कड घासून गुळगुळीत करून घ्या, आणि बंद बूट घालायच्या दिवशी उतरवून ठेवा.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, काम करणाऱ्यांना पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज आठ-दहा तास घालावे लागतात. ते पायाबरोबर ताणले जात नाहीत. करंगळीवर कुरूप येणाऱ्यांत ही मंडळी पुष्कळ असतात. बूट बदलणं त्यांच्या हातात नसलं तरी रुंद मापाचा जोड मागता येतो. जाड पायमोजे घालायचे असतील तर मापाच्या वेळी तेच घालून जा.

काही वेळा दोष पायाच्या हाडांत असतो. अंगठ्याचं हाड बाहेर येऊन अंगठा आत वळलेला असतो, दुसरं बोट हातोडीसारखं वाकलेलं असतं, किंवा वयामुळे तळव्याखालची चरबीची गादी पातळ झालेली असते. अशा पायांना चांगल्या बुटातही जपावं लागतं.

घरी काय करता येईल?

मधुमेह नसेल, पायांना बधिरपणा नसेल आणि पायांचा रक्तपुरवठा चांगला असेल, तरच हे करा. हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवून ठेवा. पाणी कोमटच असू द्या. पुसल्यावर झावा किंवा वज्रीने कुरुपावर एकाच दिशेने हलक्या हाताने घासा. एका बैठकीत सगळं काढायचं नाही. वरचा पांढरा, मऊ झालेला थर निघाला की थांबायचं. गुलाबी दिसायला लागलं म्हणजे तुम्ही पुढे गेलात. मग १० ते २० टक्के युरिया असलेलं मलम लावा, ते नसेल तर साधं व्हॅसलीन, आणि वर सुती मोजे घालून झोपा. रोज हे केलं, आणि त्याच दिवसापासून बूट बदलला, तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. कातडीचा वरचा थर बदलायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

दिवसा कुरुपाभोवती फेल्टचं किंवा फोमचं गोल कडं चिकटवा, मधे भोक असलेलं. म्हणजे भार कड्यावर येतो, कुरुपावर नाही. लोक कुरुपावरच कापसाचा बोळा बांधतात. त्याने दाब उलट वाढतो.

ब्लेड, सुई, नेलकटर, नराणी यांतलं काहीही पायाला लावू नका. रस्त्याच्या कडेला बसून कुरूप काढून देणाऱ्यांकडेही जाऊ नका. एकच हत्यार दिवसभरात किती पायांना लागतं ते आपल्याला दिसत नाही. धनुर्वात आणि कावीळ ब या मार्गाने येऊ शकतात.

मेडिकलमधून कॉर्न कॅप आणली तर चालेल?

नीट वापरली तर चालते. नीट वापरणारे मात्र मला थोडे भेटतात.

या पट्टीच्या मधल्या गोलात सॅलिसिलिक ॲसिड असतं, बहुतेक पट्ट्यांत ४० टक्के. ते मृत कातडी मऊ करतं. पण त्याला कुरूप आणि निरोगी कातडी यांतला फरक कळत नाही, जिथे टेकेल तिथे ते काम करतं. म्हणून पाय आधी कोमट पाण्यात भिजवून कोरडा करा, कुरुपाच्या भोवती व्हॅसलीनचं बारीक कडं काढा, आणि औषधाचा गोल बरोबर कुरुपावर बसवा. गोल कुरुपापेक्षा मोठा असेल तर कापून घ्या. साधारण दोन दिवसांनी पट्टी काढून पांढरी झालेली कातडी घासून टाका आणि गरज असेल तर नवी लावा. दोन आठवड्यांपलीकडे जायचं नाही. पट्टी सरकली, आग व्हायला लागली, आजूबाजूला लाली आली, तर काढून टाका आणि पाय धुवा.

चिरलेल्या किंवा लस येणाऱ्या कातडीवर ती कधीच लावू नका. गरोदर बाईने आणि ॲस्पिरिन सोसत नाही अशा माणसाने आधी डॉक्टरांना विचारावं.

मला डायबेटिस आहे. माझ्यासाठी काही वेगळं?

वेगळं नाही, उलटं. वरच्या दोन उत्तरांतलं काहीही तुम्ही घरी करायचं नाही. पाय भिजवत बसणं नाही, घासणं नाही, कॉर्न कॅप तर अजिबात नाही.

माझी सख्खी मावशी घडियाळी पोळात राहायची. वीस वर्षांचा मधुमेह. पायाच्या करंगळीवर कुरूप झालं म्हणून तिने दुकानातून पट्टी आणून लावली आणि विसरली. दुखलं नाही, म्हणून विसरली. मधुमेहाने तिच्या पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या, ते तिला माहीत नव्हतं आणि मीही कधी तपासलं नव्हतं. सहाव्या दिवशी मोजा ओला लागला म्हणून पट्टी काढली, तर खाली खड्डा पडला होता. तीन महिने ड्रेसिंग चाललं, शेवटी बोट गेलं. मी तेव्हा दवाखाना चालवत होते. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचे. तिच्या साखरेचे आकडे मला पाठ होते, तिचे पाय मात्र मी एकदाही पाहिले नव्हते. तेव्हापासून माझ्याकडे मधुमेहाचा कोणीही पेशंट आला, अगदी सर्दीसाठी आला, तरी मी मोजे काढायला सांगते.

मधुमेहात दोन गोष्टी एकत्र येतात. नसा बधिर होतात, त्यामुळे चटका, टोचणं, दाब कळत नाही. आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे झालेली जखम भरत नाही. कुरूप म्हणजे सतत दाबली जाणारी जागा. कातडीखाली रक्त साकळून ती जागा आतून फाटते आणि वरून फक्त जाड कातडी दिसत राहते. कुरुपाखाली निळसर-काळा डाग दिसला तर ती जखमेची पहिली खूण समजा आणि त्याच दिवशी दाखवा.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. नायलॉनचा एक तंतू तळपायावर टेकवून तो कळतो का ते पाहतात. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो टेकलेला जाणवला नाही तर पायाची संरक्षक जाणीव गेली आहे. शिवाय पावलावरची नाडी बोटांनी चाचपतात. दोन्हींना मिळून पाच मिनिटं लागत नाहीत. बधिर पायांसाठी एमसीआर या मऊ रबराच्या तळाच्या चपला मिळतात. त्या घरातही घालायच्या. देवघरात जाताना काढल्या तर आठवणीने परत घालायच्या.

कुष्ठरोगाने किंवा दुसऱ्या कशानेही पाय बधिर झाले असतील, त्यांनाही हेच सगळं लागू.

आजी म्हणते बिब्बा लाव. लावू?

नको. आजीचा मान राखून सांगते, बिब्बा नको. गुजराती शेजाऱ्यांकडे यालाच भिलामो म्हणतात आणि त्यांच्याकडेही हा उपाय चालतो. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि काहींना तर अंगभर पुरळ उठतो. रुईचा चीक तसाच, आणि तो हात डोळ्याला लागला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चुना आणि सोडा कालवून लावणं म्हणजे सरळ कातडी जाळणं. ठेचलेली लसूण रात्रभर बांधून ठेवली तरी भाजल्यासारखी जखम होते. अशा जखमा मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

आजीच्या कपाटातलं निर्धोक औषध म्हणजे एरंडेल, आपल्या बडोद्यात म्हणतात ते दिवेल. त्याने कुरूप जात नाही, पण कातडी मऊ राहते आणि वज्री कमी घासावी लागते. रात्री दोन थेंब चोळा. मात्र बोटांच्या बेचक्यात लावू नका, तिथे ओल राहते.

दोन बोटांच्या मधे पांढरं, ओलं झालंय आणि दुखतंय. चिखल्या आहेत का?

पावसाळ्यात हा घोटाळा नेहमी होतो. चिखल्या म्हणजे बुरशी. खाज येते, कातडी सोलते, वास येतो. मऊ कुरूप खाजत नाही, दुखतं, आणि नीट पाहिलं तर समोरासमोरच्या दोन बोटांवर जिथे हाड हाडाला टेकतं नेमकं तिथेच असतं. दोन्ही एकत्रही असू शकतात. अशा ओल्या जागेवर कॉर्न कॅप लावू नका. बोटांमधली जागा टॉवेलच्या टोकाने कोरडी करा, सिलिकॉनचा छोटा विभाजक बोटांमधे ठेवा आणि रुंद पंजाचे बूट घाला. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. आठवड्यात फरक पडला नाही तर दाखवा.

दवाखान्यात तुम्ही नेमकं काय करता? इंजेक्शन द्यावं लागतं का?

इंजेक्शन लागत नाही. मृत कातडीला जाणीव नसते, ती कापताना नखं कापल्यासारखं वाटतं. निर्जंतुक पात्याने मी थर थर करत वरचा भाग काढते, मग मधला गाभा सोडवते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. रक्त येऊ द्यायचं नसतं. खाली उतरून पाऊल टेकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो पाहायला मला अजूनही आवडतं. त्यानंतर सांगितलेला बूट घेतला नाही तर दीड महिन्यात पुन्हा भेट होते.

लेझरने किंवा जाळून कायमचं जातं असं ऐकलं.

तळपायावरचं कुरूप जाळून किंवा खोल कापून काढलं की तिथे व्रण राहतो. त्या व्रणावर रोज अंगाचा भार पडतो आणि तोच पुढे कुरुपापेक्षा जास्त दुखतो. आयुर्वेदातला अग्निकर्माचा उपचार याच विकारासाठी जुन्या ग्रंथांत आहे आणि आजही करतात. करायचा असेल तर तो शिकलेल्या, परवानाधारक वैद्यांकडूनच करा, आणि मधुमेह असेल तर तोही नको. माझं स्वतःचं मत, आधी तीन महिने दाब काढून पाहा. हाड वाकडं असेल आणि सगळं करूनही चालणं अवघड होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ त्या हाडावर शस्त्रक्रिया करतात. त्याचा उपयोग होतो, कारण ती दाबाच्या कारणावर केलेली असते.

गरबा आठवड्यावर आलाय. आता काय?

ॲसिडची पट्टी आता लावू नका, ऐन अष्टमीला पाय सोललेला असेल. हळूच घासा, किंवा चार दिवस आधी दवाखान्यात काढून घ्या. अनवाणी खेळत असाल तर दुखऱ्या जागेवर चिकटपट्टी लावा. मोजडी नवी असेल तर आधी घरात रोज अर्धा तास घालून सैल करा, पहिल्या रात्री कोरी मोजडी चढवू नका. मैदानातून परत आलात की पाय धुवा, बोटांमधे कोरडं करा, तळवे पाहा. चार-पाच तास गोल फिरल्यावर फोड आला तर तो फोडू नका.

डाकोरला अनवाणी चालत जायचा नवस आहे, आणि पायाला कुरूप आहे.

जाऊ नका असं मी कोणाला म्हणत नाही. पण महिनाभर आधी कुरुपाचा बंदोबस्त करा, चालण्याचा सराव हळूहळू वाढवा, आणि रस्त्यात मुक्कामाला पाय तपासा. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी जाऊ नये. तापलेल्या डांबराचा चटका त्यांना कळतच नाही, संध्याकाळी तळवे फोडांनी भरलेले दिसतात. पायांत वहाणा घालून रणछोडरायाच्या दारी गेलं तर नवस मोडत नाही, असं मी माझ्या पेशंटना सांगते, आणि मनापासून सांगते.

घोट्याच्या बाहेरच्या हाडावर काळी, जाड कातडी झालीय.

मांडी घालून जमिनीवर बसण्याचा घट्टा. पोथी वाचणाऱ्या, निवडण-टिपण करणाऱ्या बायकांना, शिंपीकाम करणाऱ्यांना असतो. खाली जाड आसन घ्या, अधूनमधून पाय बदला, मलम लावा. दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही.

सात वर्षांच्या मुलाच्या तळपायाला कुरूप आहे.

या वयात कुरूप क्वचित होतं, बहुधा चामखीळ असेल. दाखवून घ्या. शाळेच्या बुटाचा नंबरही पाहा. मुलांचे पाय भराभर वाढतात आणि बूट छोटा झाला हे ती स्वतःहून सांगत नाहीत.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावं, आणि कोणाकडे?

कुरुपाभोवती लाली, ऊब, सूज, पू, पायावर वर चढत जाणारी लाल रेघ, ताप, किंवा काळपट डाग दिसला तर थांबू नका. एरवी नेहमीचे डॉक्टर किंवा त्वचारोगतज्ज्ञ पुरेसे आहेत. खाजगी उपचार परवडत नसतील तर सयाजी हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. जाताना रोजची चप्पल घालून जा, ठेवणीतली नको. तपासणाऱ्याला ती पाहायची असते.

आईला वाकता येत नाही, डोळ्यांना कमी दिसतं. तिचे पाय ती कसे पाहणार?

तुम्ही पाहा. संध्याकाळी दिवा लावल्यावर पाच मिनिटं तिच्या पायाशी बसा. तळवा, टाच, प्रत्येक बेचकं, नखांच्या कडा. हाताने चाचपा, एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागते का ते पाहा. तिच्या चपलेत हात घालून आत खिळा किंवा खडा नाही ना, तेही बघा. घरात कोणी नसेल त्या दिवशी तिने खुर्चीत बसून जमिनीवर आरसा ठेवावा, पाय त्याच्यावर धरावा आणि भिंग असेल तर ते वापरावं. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. मलम लावून झालं की ती उठायच्या आधी तळवे पुसा, नाहीतर फरशीवरून घसरेल.